ठकुबाईची साक्ष

अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा दव असेतोवर तोडाव्या लागतात. ऊन चढलं की त्यांचा वास उडतो, आणि वास उडालेली शेंग बेंगळुरात कोणी हातात धरत नाही. म्हणून धुकं बेळ्ळंदूरच्या तळ्यावरनं उठायच्या आधीच ठकुबाई आणि तिची धाकटी जाऊ चंपा वावरात उतरल्या होत्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. बोटं शेंगांच्या चिकानं काळी पडलेली, लुगड्याचे काठ भिजून जड झालेले. मधे तीस सऱ्या आणि तोंडातनं शब्द नाही.

बांधावर पोतं पसरून बसलेला देवाप्पा, चंपाचा नवरा, वैतागून म्हणाला, "दोघी मिळून चार शब्द बोललासा तर शेंगा काय नासत्यात व्हय?"

"बोलायला काय झालंय," ठकुबाई म्हणाली.

चंपा बुट्टी उचलून पुढच्या सरीत गेली.

हे वर्षभर असंच चाललं होतं. तळ्याकाठच्या त्या केरीत, म्हणजे वस्तीत, बेळगावकडनं आलेली अकरा मराठी ख्रिस्ती घरं. थोरल्यांच्या काळात मिशनच्या साहेबानं तळ्याखालची जमीन कसायला दिली, तेव्हापासनं भाजी पिकवायची, दंडूच्या, म्हणजे छावणीच्या, बाजारात विकायची आणि रविवारी मिशनच्या कौलारू देवळात बसायचं. ठकुबाईचा नवरा मल्लाप्पा साप चावून गेला त्याला नऊ वर्षं झाली. मूल नव्हतं. दिराच्याच घरात, दिराच्याच वावरात ती राबत होती. तिचं म्हणून जे काही होतं ते त्या देवळात. तिथं तिला मान होता. झाडलोट तिची, प्रभुभोजनाची भाकरही तिच्याच हातची.

मागल्या नाताळाच्या आधी चंपाची चार वर्षांची सुवार्ता तापानं फणफणली. सहा दिवस झाले, ताप हटेना. पोर डोळे फिरवायला लागली. डॉक्टराचं औषध झालं, भगवंतराव पाळकांची प्रार्थना झाली. सातव्या दिवशी पाळक परत आले, पोरीच्या कपाळावर हात ठेवला तर ताप उतरलेला. पण हात खाली आला तो दंडावर. तिथं झग्याखाली मारम्मा देवीच्या देवळातला काळा दोरा.

"हे पोरीच्या आईचं काम," पाळक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी, वाईट वाटणं जास्त होतं.

देवळातल्या सभेत त्यांनी ठकुबाईला विचारलं, "तुम्ही घरातच असता. तुम्हाला काही ठाऊक?"

ठकुबाईनं मान खाली घातली. "म्या काय बघितलं न्हाई."

"म्या न्हाई बांधला!" चंपा ओरडली. "देवाशपथ न्हाई!"

कोणी ऐकलं नाही. खोटं बोलते म्हणून उलट दोष वाढला. वर्षभर प्रभुभोजन बंद, आणि बसायचं मागं, दाराशी.

दोरा ठकुबाईनं बांधला होता.

पोरीचा श्वास घरघरायला लागला तशी ती भरदुपारी तळ्याच्या बांधावरनं पळत मारम्माकडं गेली होती. पुजाऱ्यानं दोरा दिला. तिनं तो कोणी नसताना बांधला. सभेत खरं सांगायला ती तोंड उघडणार होती, आणि तेवढ्यात तिला दिसलं होतं की उद्या ती देवळातनं जाईल, मग घरातनं जाईल, आणि मग कुठं? माहेरी कोणी उरलं नव्हतं. तोंडातनं भलतंच बाहेर पडलं. एकदा पडलं ते पडलं.

त्यानंतर दर महिन्याला भाकर हातात घ्यायची आणि डोळे मिटून गिळायची. नको म्हणावं तर लोक विचारणार, का म्हणून. घ्यावी तर ती घशाखाली उतरेना.

आता पुन्हा नाताळाआधीचे चार रविवार आले. पाळक सायकलवरनं यायचे आणि दर रविवारी तेच सांगायचे. "घरं सारवाल, नवी लुगडी घ्याल. प्रभू काय तुमच्या भिंती बघायला येतोय? मनातली अडगळ काढा. एकेक कोपरा झाडा."

ठकुबाई घरी येऊन खरोखरच घर झाडायची. भांडी तीन-तीनदा घासायची. उपास धरायची. गुडघे टेकून बसली की शब्द ओठापर्यंत यायचे आणि पुन्हा आत जायचे. पोरगी मांडीवर येऊन बसली तर काहीतरी काम काढून उठायची. चंपा भाकरी वाढायची ती तिच्याकडं न बघता ताट सरकवून.

तिसऱ्या रविवारी पाळक सगळ्यांसमोर म्हणाले, "मन कसं तयार करावं ते ठकुबाईंकडं बघा. आठवड्याचे दोन उपास धरतात. पुढच्या रविवारी त्याच उभ्या राहून साक्ष देतील."

बायका तिच्याकडं वळून बघायला लागल्या. कुणी हात दाबला. दाराशी बसलेल्या चंपानं पदर सावरला आणि उठून बाहेर गेली.

शनिवारी देवळाला चुना लावायचा होता. सगळ्या घरांतल्या बायका आल्या होत्या. पाळीनं ठकुबाई आणि चंपा मागच्या भिंतीला आल्या. कुंचे सपसप चालले. वाऱ्यानं चुन्याचे शिंतोडे डोळ्यांत जात होते.

"चंपे."

"काय?"

"उद्या मला साक्ष द्यायला लावलीय."

"ठाऊक हाय."

"मी काय सांगू गं?"

चंपाचा कुंचा थांबला नाही. "दोन उपास केले म्हणून सांग. झाडलोट केली म्हणून सांग. लई हाय की तुझ्याकडं."

ठकुबाई कुंचा टाकून खाली बसली. "तो दोरा... त्या दिवशी... तो म्या..."

"तू बांधलास."

ठकुबाईनं वर बघितलं. चंपा भिंतीकडंच तोंड करून होती.

"तू डावरी हाईस अक्का. घरातली शेपूची जुडी तू बांधतीस, मेथीची तू बांधतीस. तुझी गाठ उलटी असती. त्याच दिशी वळखली म्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून?" चंपानं आता कुंचा बादलीत आपटला. "न्हाई बांधला म्हणून म्या सांगितलं, ते तरी कुणी खरं मानलं? वर लोक म्हणाले असते की जावंवर ढकलती. आन् अक्का, खरं सांगू? मारम्माकडं जायचं माझ्याबी मनात हुतं. चप्पल पायात घातली हुती. तू माझ्याआधी गेलीस, एवढंच. तू गेलीस त्याचा राग न्हाई मला. सभेत गप बसलीस, त्याचा हाय. वर्षभर वाट बघितली, आज बोलंल, उद्या बोलंल."

"आज बोलले की गं."

"मला? मला तर ठाऊकच हुतं. ज्यांस्नी ठाऊक न्हाई त्यांस्नी सांग." तिनं बादली उचलली आणि दुसऱ्या बाजूला गेली.

रविवारी देऊळ नव्या चुन्याच्या वासानं भरलं होतं. पाळकांनी नाव घेतलं तशी ठकुबाई पुढं गेली. अकरा घरांची माणसं समोर. देवाप्पा पहिल्या चटईवर, पोरगी त्याच्या कुशीत. ठकुबाईला वाटलं, भिंती जवळ जवळ येतायत. पळावं म्हटलं तर दारात चंपा.

"पाळकसायेब म्हणाले, मन झाडा," ती म्हणाली. "माझ्या मनात काय हाय ते सांगते. सुवार्तेच्या दंडाला दोरा म्या बांधला. चंपानं न्हाई. तुमी इचारलं तवा मी खोटं बोलले. तिनं वर्षभर माझी शिक्षा भोगली आन् मी तिच्यादेखत भाकर खाल्ली."

मग देवाप्पा ताडकन उठला. "वैनी!" एवढंच म्हणाला आणि पोरीला उचलून चालता झाला.

पाळकांचा चेहरा पार उतरला होता. ते म्हणाले, "ठकुबाई, नियम सगळ्यांना एकच. तुम्हाला वर्षभर प्रभुभोजन नाही." मग ते चालत दारापर्यंत गेले आणि सगळ्यांसमोर चंपाला हात जोडले. "चूक माझीही झाली, बाई. मी विचारलं, पण ऐकलं नाही."

नाताळच्या सकाळी ठकुबाई आपणहून देवळाबाहेर उभी राहिली. बायका येत होत्या, जात होत्या. हात कोणी दाबला नाही. आतनं गाणं ऐकू आलं तसं तिनंही बारीक आवाजात म्हटलं. वर्षभर तिला गाता आलं नव्हतं.

घरी देवाप्पा तिच्याशी बोलत नव्हता. "सुगी होऊ दे, मग तुझं काय ते बघू," एवढं मात्र चंपाकरवी कळवलं होतं. सुगीनंतर काय, हे ठकुबाईला कळत नव्हतं. जायला जागा कालही नव्हती, आजही नव्हती.

दुपारी चंपानं चुलीपाशी दोन ताटं मांडली. भात, अवऱ्याचं सांबार, गोड पोळी. एक ताट ठकुबाईपुढं ठेवलं, आणि या वेळी ठेवताना तिच्याकडं बघितलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "पण मनातनं आजून गेलं न्हाई माझ्या. माफ केलं म्हणून तोंडदेखलं म्हणायचं न्हाई मला."

"नगं म्हणू."

"पुढल्या नाताळापातूर जाईल, न्हाईतर न्हाई जाणार. आता तू वाट बघ."

"बरं," ठकुबाई म्हणाली. "बघते."

आणि तिनं ताट पुढं ओढलं. लई दिवसांनी तिला भूक लागली होती.