पत्र्याच्या मुकुटावरचा डाग

मी एक जुना पत्र्याचा मुकुट आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो: मी आजवर कुणालाही बिघडवलेले नाही. राजाला तर नाहीच नाही. पण हे ऐकून घ्यायला आज कुणी तयार नाही. जगातल्या लाखो मुलांना आणि त्यांच्याहून मोठ्या, दाढीमिशा आलेल्या मुलांना खात्री आहे की एका भल्या राजाचा राक्षस झाला तो माझ्यामुळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. निदान तुम्ही तरी माझी बाजू ऐका.

माझा जन्म एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराच्या दुकानात झाला. नरसाळी, चाळण्या, धान्याचे डबे बनवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांची मुलगी संगणकावरच्या खेळांची चित्रे करणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. तिथे सगळे तिला ताई म्हणत. एक दिवस ती दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, मला एक मुकुट करून द्या. डोक्यावर बसेल असा, खराखुरा." बाबा हसले. चाळणी मागायला माणसे येत, मुकुट मागायला आजवर कुणी आले नव्हते. पण त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापला, पत्रा ठोकून गोल केला, सात टोके काढली आणि कथील वितळवून सांधा झाळला.

त्या सांध्यापाशी माझे नशीब फुटले. बाबांची नजर तेव्हा कमी होत चालली होती. झाळायची तापलेली कांडी क्षणभर जास्त टेकली आणि डाव्या कानशिलाच्या वर नखाएवढा काळा डाग पडला. बाबा लगेच तो घासायला निघाले, कारण डाग ठेवून माल देणे त्यांना माहीत नव्हते. ताईनेच त्यांचा हात धरला. म्हणाली, "राहू द्या बाबा. हा राजा लढाया करून आलेला आहे. कोरा करकरीत मुकुट त्याला शोभायचा नाही." मला ते ऐकून बरे वाटले. पुढे काय वाढून ठेवले आहे हे मला कुठे माहीत होते!

ताईने मला कंपनीत नेले, चारी बाजूंनी माझे फोटो काढले आणि पडद्यावर माझ्यासारखा हुबेहूब मुकुट तयार केला. डागासकट. मग मी मास्तरांच्या टेबलावर राहायला गेलो. मास्तर म्हणजे त्या खेळाची गोष्ट लिहिणारे. आधी वीस वर्षे ते शाळेत शिकवत होते, म्हणून हे नाव. राजाचे संवाद लिहून झाले की ते मला डोक्यावर घालून मोठ्याने म्हणून बघत. डोक्यावर केस नसल्याने मी घसरून थेट त्यांच्या कानांवर येई आणि सगळे हसत. मास्तरांना त्याचे काही नव्हते. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते, हे मी अगदी उघडपणे सांगतो.

आता ती गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. एक राजा असतो. दयाळू असतो, दुष्काळात कोठारे उघडतो. मग शत्रूचे सैन्य येते. बाहेरच्या गावांतली माणसे जीव मुठीत धरून किल्ल्याच्या दरवाज्याकडे धावत सुटतात, आणि हा भला राजा दरवाजा बंद करायला सांगतो. माणसे बाहेर राहतात. त्या दिवसापासून राजा बिघडत जातो. एक पाप लपवायला दुसरे, दुसरे लपवायला तिसरे. मास्तरांनी दरवाज्याचा तो प्रसंग किती वेळा लिहिला आणि किती वेळा फाडला, याला मी साक्षीदार आहे. त्यांचे म्हणणे एवढेच होते की राजा घाबरला. बाकी काही नाही.

पहिला भाग गाजला. कंपनीत येणारा प्रत्येक पाहुणा मला डोक्यावर घालून फोटो काढून घेऊ लागला. मग कौतुक ओसरले आणि मला खिडकीजवळच्या फळीवर टाकले. वर थंड हवेचे यंत्र होते, ते ठिबकत असे. थेंब नेमका माझ्या डाव्या बाजूवर पडे. दोन वर्षे! मित्रांनो, पत्र्यावर दोन वर्षे पाणी पडले तर काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मला गंज चढला. नखाएवढा डाग पसरत पसरत कपाळापर्यंत आला. येता-जाता सगळे बघत होते, पण एक फडके फिरवावे असे कुणालाही वाटले नाही.

दुसऱ्या भागाची गडबड सुरू झाली तेव्हा ताईने मला खाली काढले. नव्या कॅमेऱ्याने नवे फोटो घ्यायचे होते आणि वेळ नव्हता. तिने धूळ झटकली, गंज पाहिला आणि म्हणाली, "चढू दे. राजाही म्हातारा झालाय की." काढले फोटो. झाले काम.

आणि मग जे सुरू झाले त्याने माझे डोके उठले. म्हणजे, डोके असते तर उठले असते.

खेळाच्या चाहत्यांमध्ये एक गृहस्थ होते. ते प्रत्येक चित्र मोठे करून, त्यावर लाल गोल काढून लांबलचक व्हिडिओ करत. कंपनीत त्यांना सगळे भिंगराव म्हणत. भिंगरावांना शोध लागला की पहिल्या भागातला डाग दुसऱ्या भागात वाढला आहे. बस! चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. मुकुट शापित आहे, डाग जसजसा वाढतो तसतसा राजा बिघडतो, दरवाजा राजाने नव्हे तर मुकुटाने बंद करवला. जेवणाच्या सुट्टीत सगळे तो व्हिडिओ बघत बसले आणि मी फळीवरून ऐकत होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला! दुसऱ्याने सांगितले की डागाचा आकार राज्याच्या नकाशासारखा आहे. तिसरीने सिद्ध केले की डागाचे टोक दरवाज्याकडे वळलेले आहे. एकाने तर मला बनवणारा कारागीर हाच खरा खलनायक असे जाहीर केले. हे ऐकून मला जो संताप आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. ज्या माणसाने जन्मभर लोकांना गळका डबा दिला नाही, तो खलनायक!

मास्तरांनी एकदाच उत्तर लिहिले: राजा घाबरला म्हणून त्याने दरवाजा लावला, मुकुटाचा काही संबंध नाही. त्याखाली धडाधड उत्तरे आली. 'लेखकाला खरे सांगायची परवानगी नाही.' 'एवढे ठासून नाही म्हणतात म्हणजे नक्कीच आहे.' मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वीस वर्षं शाळेत हेच ऐकलं," ते ताईला म्हणाले. "काच कुणी फोडली विचारलं की पोरं सांगायची, चेंडूनं फोडली."

ताई हसली. तेव्हा हसू येत होते.

पण भिंगरावांमुळे खेळ पुन्हा धो धो चालू लागला, आणि मोठ्या साहेबांच्या ते लक्षात आले. एका मुलाखतीत ते छाती फुगवून सांगून बसले की आमच्या खेळात एक ठिपकासुद्धा उगाच नसतो. आता तिसऱ्या भागात मुकुटाचा शाप अधिकृत करायचा, असा त्यांचा बेत होता. शेवटी खेळणाऱ्याने मुकुट फोडायचा आणि राजा निर्दोष ठरायचा. त्यासाठी बैठक बोलावली गेली. बैठकीच्या आदल्या दिवशी मास्तर ताईच्या टेबलाशी आले.

"माझं कुणी ऐकणार नाही," ते म्हणाले. "मला आपली गोष्ट सोडवत नाही असंच म्हणतील. पण तो गंज आहे, हे तू सांग. तुझ्या वडिलांनी केलाय मुकुट, फोटो तू काढलेस. तुझ्यापुढे कोण बोलणार?"

"सांगते ना मास्तर," ताई म्हणाली. "त्यात काय एवढं? नक्की सांगते."

मी निश्चिंत झालो. माझी अब्रू आता ताईच्या हातात होती आणि ताई तर आपलीच.

बैठकीत मला काचेच्या खोलीत टेबलाच्या मधोमध ठेवले होते, आरोपीसारखे. साहेब म्हणाले, "लोकांना हवंय ते देऊ या. राजावर लोकांचं प्रेम आहे. तो मुळात चांगला होता, एवढंच त्यांना ऐकायचंय."

"चांगला होताच," मास्तर म्हणाले. "चांगल्या माणसानंच दरवाजा लावला. ते काढून घेतलंत तर मग बाहेर राहिलेल्या माणसांचं काय? त्यांना काय सांगायचं, मुकुटावर तक्रार करा म्हणून?"

कुणी हसले नाही. साहेब ताईकडे वळले. "ताई, तो डाग तुम्ही मुद्दामच वाढवला होता ना?"

खोलीतले सगळे तिच्याकडे बघू लागले. मास्तरही. ताईने माझ्याकडे पाहिले. मी तिला ओरडून सांगत होतो: बोल! गंज आहे म्हण! यंत्र ठिबकत होतं म्हण! पण खरे सांगितले असते तर साहेबांची मुलाखत खोटी पडली असती, आणि आपण घाईत गंज पुसला नाही हेही सर्वांसमोर कबूल करावे लागले असते.

"हो," ताई म्हणाली. "म्हणजे... तसंच काहीसं."

मास्तरांनी पेनाला टोपण लावले. आठवड्याभरात त्यांनी कंपनी सोडली. एका खोक्यात पुस्तके, चष्म्याचे घर आणि पाण्याची बाटली भरली, ताईच्या टेबलाशी थांबून "येतो" म्हणाले आणि गेले. तिसऱ्या भागासाठी संगणकावर नवा, काळाकुट्ट, डोळे दिपवणारा मुकुट तयार झाला. माझे काम संपले. ताईने मला पिशवीत कोंबून घरी नेले.

रविवारची दुपार होती. बाबा आता दुकानात जात नव्हते, खिडकीपाशी बसून असत. ताईने मला त्यांच्यासमोर टेबलावर आदळले आणि म्हणाली, "ह्या मुकुटानंच सगळा घोळ केला बाबा. हा नसता तर मास्तर गेलेच नसते."

मित्रांनो, भिंगरावांनी म्हटले ते मी सोसले. लाखो लोकांनी म्हटले तेही सोसले. पण हिने? जिला माझ्या अंगावरचा कण न् कण माहीत होता तिने? त्या क्षणी मला वाटले, खरोखरच शाप देता आला असता तर फार बरे झाले असते.

बाबांनी मला उचलले. दिसत फारसे नव्हते, म्हणून बोटे फिरवली. "गंज चढलाय," ते म्हणाले. "पुसलं नाहीस का गं?" मग त्यांनी घासकागद मागितला आणि घासता घासता विचारले, "काय झालं ते नीट सांग."

ताईने सांगितले. बैठक, मुलाखत, मास्तर, सगळे. बाबांचा हात थांबला नाही.

"साहेबांनी विचारलं कुणाला?"

"मला."

"मग?"

बाबांनी फुंकर मारून गंजाची भुकटी उडवली.

"पत्र्याला तोंड नसतं, पोरी. तुला आहे."

ताईने फोन उचलला. "मास्तर, मी बोलतेय," ती म्हणाली. "नाही, मुकुटाचं नाही, माझंच सांगायचंय. मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. मी घाबरले."

मास्तर फोनवरही वर्गात बोलल्यासारखे मोठ्याने बोलत, त्यामुळे पुढचे बाबांना आणि मलाही ऐकू आले. ते म्हणाले, "राजाच्या तोंडी शेवटी मी हेच लिहिलं होतं बघ. त्यांनी ते काढून टाकलं."

दुसऱ्या दिवशी ताईने साहेबांना जाऊन सगळे खरे सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले आणि आता फार उशीर झाला म्हणाले. तिसरा भाग निघाला. त्यात मुकुट फुटतो, राजा रडतो, सगळे त्याला मिठी मारतात. दरवाज्याबाहेरच्या माणसांचे नावही कुणी काढत नाही. मी मात्र शापित तो शापितच. भिंगरावांनी 'मी म्हणालो होतो ना' असा तासाभराचा व्हिडिओ केला आहे. नाचता येईना अंगण वाकडे, आणि ते अंगण मी!

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. हात नाहीत, तरी सांगतो. वस्तूंना ठिबकत्या पाण्याखाली ठेवू नका, अधूनमधून एक फडके फिरवत जा. आणि हातून काही वाईट घडले की इकडेतिकडे मुकुट शोधत सुटू नका. मला एकदा हातात घेऊन नीट बघा. मी नुसते एक कडे आहे, मधोमध पोकळ. तिथे काही असलेच, तर ते घालणाऱ्याचे डोके असते.