स्टेपनीतली हवा

बायको गेल्याचं मला शेजारच्या वेल्डरनं सांगितलं, आणि तेही सरळ सांगितलं नाही. मी दुपारी जीप घेऊन परत आलो तर तो आमच्या दुकानाच्या दारात उभा होता. म्हणाला, "भाऊ, आधी आत जाऊन कॉम्प्रेसर बंद करा. मला बटण सापडत नाही." बटण दारामागेच होतं, त्यालाही ठाऊक होतं. मी ते बंद केलं. एकदम शांत झालं. मग तो म्हणाला, "वहिनींना दवाखान्यात नेलंय. पण घाई करू नका."

घाई करू नका म्हणाला, तेव्हा मला कळलं.

पंक्चरचं दुकान तिचं होतं. गिऱ्हाइकं मला मालक समजायची. मी म्हणायचो, मी नुसता ड्रायव्हर, मालकीण आत आहे. तिनं शेवटचं काम केलं ते माझ्याच स्टेपनीचं. आतून पॅच लावला, हवा भरली, बाजूला खडूनं हवेच्या दाबाचा पस्तीस आकडा लिहिला. प्रत्येक चाकावर लिहायची. व्हॉल्व्हचं टोपण लावायचं तेवढं राहिलं. ते तिच्या मुठीत होतं. दवाखान्यानं अंगठीबरोबर कागदाच्या पुडीत घालून दिलं. ते मी लावलं आणि स्टेपनी कव्हर घालून जीपच्या मागे अडकवली.

त्यानंतर आठ महिने मी त्या चाकाला कुणाला हात लावू दिला नाही. ती असताना दर शनिवारी सगळ्या चाकांची हवा मोजायची. मोजताना मीटर लावला की थोडी हवा फुस्सकन बाहेर जाते. त्या चाकातली हवा तिनं भरलेली होती. मला ती जायला नको होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

सासूबाई नदीपलीकडे धाकट्या मेव्हण्याकडे असायच्या. घसरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी त्यांनी फोन केला. "जावईबापू, मला तुमच्याकडे न्या. इथली सून मला पाण्याचा ग्लाससुद्धा मोजून देते." मी गेलो. मेव्हण्यानं आणि मी दोघांनी उचलून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी मांडीवर भाजी चिरायची जाड लाकडी फळी घेतली.

"ही कशाला, आई?"

"तुमच्या घरातली फळी मधोमध खोलगट झालीय. लेकीला चार वर्षं सांगत होते, बदल म्हणून. तिला टायरातून सवड होती का?"

पुलावरून गेलं तर दोन तास लागतात. कोरड्या नदीच्या पात्रातून वीस मिनिटं. वर धरण आहे. रोज चार वाजता विजेसाठी पाणी सोडतात, साडेतीनला पहिला भोंगा होतो, चारला दुसरा. चारनंतर दहा मिनिटांत पाणी आमच्या वाटेवर येतं. मी या वाटेनं शेकडो वेळा गेलो होतो. बायकोला आवडायचं नाही. ती म्हणायची, कोरडी नदी झोपलेली असते, मेलेली नसते. पात्रात शिरलो तेव्हा तीन वाजले होते. घाईचं काही कारण नव्हतं. पुलावरचे खड्डे सासूबाईंच्या कमरेला सोसणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं.

मधोमध आलो आणि मागे डावीकडे धप्प झालं. जीप त्या बाजूला बसली. उतरून पाहिलं. रेतीत दगडाची धार लपलेली होती. टायर बाजूनं वीतभर फाटला होता. बायको म्हणायची, तळाला लागलं तर मी आहे, बाजूला लागलं तर देव. बाजूची भिंत फाटली की पॅच धरत नाही.

"काय झालं?" सासूबाईंनी खिडकीतून विचारलं.

"चाक बदलावं लागेल. पंधरा मिनिटं."

"तुमची पंधरा मिनिटं मला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहेत."

जॅक लावला. हँडल फिरवलं. जीप वर येण्याऐवजी जॅकच रेतीत खाली जायला लागला. पुन्हा काढून दुसरीकडे लावला, पुन्हा खाली. घड्याळात तीन वीस. दगड शोधले, सगळे गोल, निसटणारे. मी उभा राहिलो आणि दोन्ही काठांकडे पाहिलं. उंच, मातीचे, सरळ. जवळचा चढ पाचशे पावलांवर. फोनला रेंज नाही.

"आई, फळी द्या."

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि दिली. जॅक फळीवर बसला. फळी कडकन वाजली, पण फुटली नाही. जीप वर आली. फाटक्या चाकाचे नट काढायला लागलो. एक नट रेतीत पडला तो सापडलाच नाही. मी गुडघ्यांवर बसून रेती चाळत होतो तेव्हा पहिला भोंगा झाला.

तो आवाज मी रोज घरून ऐकायचो. चहाची वेळ झाली एवढंच त्याचं काम. पात्राच्या आत तो वेगळा असतो. दोन्ही काठांवर आपटून परत येतो आणि कुठून आला ते कळत नाही.

"हा तोच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"तोच. अजून अर्धा तास आहे."

"जावईबापू, खोटं बोलताना तुम्ही डोकं खाजवता."

मी नट शोधायचा सोडला. चार नटांवर स्टेपनी चढवायची ठरवली. मागून स्टेपनी काढली, अंगठ्यानं दाबली. अंगठा आत गेला. आठ महिन्यांत ती अर्धी उतरली होती. बायको असती तर पहिल्याच शनिवारी कळलं असतं. खडूचा पस्तीस आकडा मात्र अजून स्वच्छ होता.

"हवा आहे?"

"आहे."

"पुन्हा डोकं खाजवलंत."

चाक बसवलं, जॅक काढला, फाटका टायर तिथेच टाकला. तीन पस्तीस. चढून बसलो, पहिला गियर टाकला, क्लच सोडला. चाकं जागेवर फिरली. रेती मागे उडाली. जीप पुढे न जाता खाली गेली. पुन्हा केलं, आणखी खाली. मग मी हातांनी चाकांसमोरची रेती उकरली, नखं फाटली, पुन्हा बसलो, पुन्हा तेच. घामानं स्टिअरिंग निसटत होतं. तीन बेचाळीस.

"मला पाठीवर घ्या," असं त्या म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही चढावर जा. कुणी दिसलं तर हाक मारा. नाही दिसलं तर तिथेच थांबा."

"आणि तुम्ही?"

"मी इथे बसते. मला दुसरीकडे जाण्यासारखं काय आहे?"

दार उघडून त्यांच्यासमोर पाठ करून उभा राहिलो. त्यांनी गळ्यात हात टाकले. उचलल्याबरोबर त्या मोठ्यानं ओरडल्या. कमरेचं हाड अजून जुळलं नव्हतं. सहा पावलं गेलो आणि गुडघ्यांवर बसलो. पाचशे पावलं आणि चढ हे होणारं नव्हतं, ते दोघांनाही कळलं. परत त्यांना सीटवर टेकवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी साठीच्या घरात आहे, त्या ऐंशीच्या. त्या क्षणी मला वाटलं, घरातून आणखी एक माणूस जाणार आणि या वेळी मी समोर उभा असणार.

"हवा सोडा," त्या डोळे मिटून म्हणाल्या.

"काय?"

"चाकांची हवा सोडा. पोरगी सांगायची. रेतीत कडक चाक रुततं, पसरट चाक तरंगतं. जेवायला बसली की टायरावरच बोलायची, मला काय हौस होती ऐकायची?"

हे मलाही ठाऊक होतं. तीस वर्षं गाडी चालवतो. तीन पस्तीसलाच आठवायला हवं होतं. आठवलं नाही असं मी पुढे लोकांना सांगितलं. खरं तर आठवलं होतं.

काडी घेऊन पुढच्या दोन चाकांची हवा सोडली, मग मागच्या उजव्याची. जीप थोडी बसली. चढून क्लच सोडला. जीप हातभर पुढे सरकली, आणि मागचं डावं चाक पुन्हा खड्डा करायला लागलं.

"चौथ्याची सोडलीत?"

"ती आधीच कमी आहे."

"सोडलीत का?"

मी खाली उतरलो. चाकाजवळ बसलो. टोपण काढलं. काडी मोडली होती. मी तसाच बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. वरून सासूबाई म्हणाल्या, "काय झालं? मेलात का?"

"आई, ही तिनं भरलेली हवा आहे."

मग त्यांचा हात खिडकीतून खाली आला. त्यात केसांतला आकडा होता.

"हा घ्या. यानं दाबा," त्या म्हणाल्या. "ती इथे असती ना, तर तुम्हाला पान्यानं बडवून काढलं असतं. हवा म्हणे."

मी आकडा व्हॉल्व्हमध्ये दाबला. हवा बोटांवर आली. गार होती. तिला रबराचा वास होता, दुसरा कसलाही नाही. मी दाबून धरलं, आणि सासूबाई वरून मोजत होत्या, एक, दोन, तीन. वीसला त्या म्हणाल्या, "पुरे, थोडी राहू द्या." त्याच वेळी दुसरा भोंगा झाला.

चढलो. क्लच इतका हळू सोडला की पाय दुखला. जीप थरथरली, खड्ड्याच्या काठावर चढली, परत मागे आली, आणि मग एकदम वर आली. मी ब्रेकला पाय लावला नाही, वेग वाढवला नाही, वळण घेतलं तेही मोठं घेतलं. बसक्या टायरांचा थप थप आवाज येत होता आणि त्यामागे दुसरा एक आवाज होता, लांबून ट्रक यावा तसा. सासूबाई आरशात बघत होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही पुढे बघा." त्यांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता आणि बोटं निळी झाली होती.

चढ लागला. मागचं डावं चाक एकदा निसटलं, पुन्हा धरलं. वर सपाटीवर आलो आणि इंजिन बंद पडलं. मी ते सुरू केलं नाही. खाली पाणी आलं. मातकट, कमरेएवढं, घाईत. आम्ही उभे होतो ती जागा दिसेनाशी झाली. फाटका टायर एकदा फिरून वर आला आणि गेला.

मग सासूबाई म्हणाल्या, "फळी राहिली."

मी हसलो. हसता हसता रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, तसल्या त्या नाहीत. म्हणाल्या, "आता घरी चला. आणि पुलावरून जात जा."

त्या माझ्याकडे दोन महिने राहिल्या. आता काठी घेऊन चालतात, मेव्हण्याकडे परत गेल्या आहेत. मी त्यांना पुलावरून सोडून आलो, वेल्डरच्या गाडीनं.

माझी जीप दुकानासमोर उभी आहे. वेल्डर रोज सकाळी विचारतो, गाडी कधी काढणार. त्या दुपारपासून बंदच असलेला कॉम्प्रेसर मी दुरुस्त करून घेतला, पाइपही नवा आणला. तीन चाकांत हवा भरून झाली. मागच्या डाव्या चाकावर खडूचा पस्तीस आकडा आहे, त्यातला तीन थोडा पुसला आहे. त्या चाकात हवा भरायची राहिली आहे.