हनुवटीखालचा मळ

लिलावघरात तिला सगळे दातवाल्या बाई म्हणत. पोर्सेलीनची जुनी बाहुली हाती आली, की ती तिची कड अलगद पुढच्या दाताला लावून पाही. अस्सल झिलई दातावर काचेसारखी सरकते. डागडुजी करून वरून रंग चढवला असेल तर दात किंचित अडतो. रसायनशास्त्राची पदवी होती तिच्याकडे, पण दातावर तिचा भरवसा जास्त.

त्या दिवशी मालकांनी टेबलावर पोर्सेलीनचा एक जपानी कोळी ठेवला. काखेत मासा, तोंडभर हसू, पायाखाली लाल शिक्का.

"कुणा निवृत्त साहेबांच्या कपाटातला आहे म्हणे. तुम्ही जुना म्हणालात, की लिलाव याच्यापासूनच सुरू करू."

तिने सवयीने कोळ्याची टोपी दाताला लावली आणि तोंड वाकडं झालं. शिळा चहा, विझलेली सिगारेट, गंजकं लोखंड. रुमालात थुंकून तिने भिंग उचललं. धूळ वरून खाली पडते. ती टोपीवर, खांद्यांवर, माशाच्या पाठीवर बसते. या कोळ्याला मात्र हनुवटीखाली, काखेत, सगळीकडे सारखाच मळ. कशात तरी बुचकळून काढल्यासारखा. आणि माशाच्या कल्ल्यात नखाची एक पिवळी कोर अडकलेली.

पण नखाहून वाईट होती ती चव, कारण ती ओळखीची होती. गेले काही महिने रविवारी ताईकडच्या चहाला हीच चव यायची. जुनी टाकी, गंजलेले नळ, अशी मनाची समजूत घालून ती कप रिकामा करायची. आईवडिलांमागे माहेर म्हणून उरलं होतं ते ताईचंच घर; तिथल्या चहाला नावं कशी ठेवणार?

"काय, जुना ना?" मालकांनी विचारलं.

"उद्या सांगते."

संध्याकाळी ती थेट ताईच्या स्वयंपाकघरात शिरली. शेगडीवर चहाचं पातेलं रटरटत होतं आणि काळपट फेसातून तीन हसरे कोळी डोकी वर काढत होते. भाऊजी बनियनवर उभे राहून सुपलीतला केर चिमटीने त्यात सोडत होते, भाजीत मीठ घालावं तसा.

"आलीस? बस." लाजेचा लवलेश नाही. "उकळलं की सगळं मरतं. तू शास्त्र शिकलेली, तुला काय सांगायचं?"

"यातच चहा करता तुम्ही."

"घासते की मी," ताई म्हणाली. "आणि तू कुणाकुणाच्या बाहुल्या तोंडाला लावतेस, तेव्हा नाही येत किळस?"

भाऊजी खुसखुसले. "पायाची कड खरखरीत हवी, शिक्का झिलईच्या आत हवा. गुरू तूच की आमची."

खरं होतं ते. रविवारी चहा पिताना ते खोदून खोदून विचारायचे, आणि घरात कुणाला तरी आपल्या कामाचं कौतुक आहे म्हणून ती खुशीत सांगत बसायची. आता तिला स्वतःच्या जिभेचीही शिसारी आली.

"हनुवटीखाली मळ बसत नाही, भाऊजी. धूळ वरून पडते."

"असं होय?" त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "मग पुढच्या खेपेला वरूनच भुरभुरवतो."

तिने ओठ घट्ट मिटले. पुन्हा शिकवून बसली होती.

ताईने थर्मासमधून कप भरला आणि तिच्यापुढे सरकवला. "एकच शब्द लिहायचाय, जुना. आपल्या माणसांसाठी तेवढं होत नसेल, तर या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. घे, निवेल."

लहानपणी ताप आला की हीच ताई फुंकर घालून दूध पाजायची. तिने कप उचलला. कड दाताला लागली. शिळा चहा, सिगारेट, लोखंड. घोट न घेता तिने कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी तिने अहवालात लिहिलं: कोळी नवा. मळ शिजवलेला.

"शिजवलेला?" मालकांना हसू आलं. "हे कशावरून?"

"भाऊजींनी केलाय. ताईच्या चहाच्या पातेल्यात," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा दात घासायला उठली.