मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, चित्रफितीतून प्रकाश सोडून पडद्यावर माणसे चालवणारा मी एक जुना प्रोजेक्टर आहे. यंत्राला राग येत नाही, असा समज आहे. मला राग आलेला आहे, आणि तो का, हे मी क्रमाने सांगणार आहे.

कुणी माझे भिंग घासले, कुणी माझी दातेरी चाके कातली. त्या हातांचे नाव माझ्या अंगावर कोठेही नाही. आहे ते फक्त कंपनीचे. १९५६ साली एका कामगार संस्थेने मला यवतमाळला आणले. पुंडलिकराव माझे चालक झाले. तंत्रशाळेत शिकलेला हा गृहस्थ फीत चढवण्यापूर्वी माझे भिंग मऊ फडक्याने पुसत असे आणि माझा आवाज कान देऊन ऐकत असे. आर्णी, ढाणकी, जिथे जावे तिथे लोक माझे कौतुक करीत.

१९६१ च्या हिवाळ्यात दारव्ह्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात संस्थेने कामगारांच्या जीवनावरील चित्रपटांचा महोत्सव भरवला. खाणीतले, गोदीतले, गिरणीतले कामगार आणि त्यांचे हक्क, हाच सर्व चित्रपटांचा विषय. रिकाम्या गोदामाच्या दारांना ताडपत्र्या लावून भरदुपारी अंधार केला होता. दिवस आठवडी सुट्टीचा होता. पुढे खुर्च्यांवर पाहुणे आणि व्यवस्थापक सदाशिवराव. मागे जमिनीवर कारखान्यातल्या बाया.

मला वीज मिळत होती ती कारखान्याच्या इंजिनावर फिरणाऱ्या डायनामोची. कापसातून सरकी काढणारे रेचेही त्याच इंजिनावर पट्ट्यांनी फिरत. पट्टे उतरवले असते, तर रेचे थांबले असते आणि डायनामो एकटा फिरला असता. सदाशिवरावांनी ते केले नाही. इंजिन चालूच आहे, मग रेचे रिकामे कशाला, असा हिशेब करून त्यांनी तांड्यावरच्या धनीबाईला आणि आणखी काही जणींना सुट्टीच्या दिवशी कामावर बसवले.

चित्रपटातला आवाज भोंग्यातून सांगत होता, "आठवड्यातून एक दिवस विश्रांती, हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे." भिंतीपलीकडून रेच्यांची खडखड येत होती.

तानाबाई नावाची एक बाई मोठ्याने हसली. "ऐका वो! भोंगा म्हनते सुट्टी, अन् भिंत म्हनते काम कर!"

"धनीबाईले तं भोंगा ऐकूच येत नसन," शेजारची हंसाबाई म्हणाली.

गोदामभर हशा झाला. तानाबाई मात्र उठून उभी राहिली. "सायेब, आज सुट्टी हाय ना? मंग धनीबाई काहून रेच्यावर बसून राह्यली?"

सदाशिवरावांनी मानही वळवली नाही. "अहो बाई, इंजिन तुमच्याच सिनेमासाठी चालू आहे. तेल काय फुकट जाळायचं? गुपचूप बघा."

"साहेब, रेच्यांचे पट्टे उतरवता येतील," पुंडलिकराव म्हणाले.

"तुम्ही तुमचं यंत्र सांभाळा."

मित्रांनो, माझे निमित्त करून धनीबाईची सुट्टी खाल्ली गेली होती. नाकाला पदर बांधून ती कापसाच्या धुळीत बसली होती, आणि मी इकडे तिच्या हक्काचे चित्र दाखवीत होतो! त्या क्षणी मला माझ्या प्रकाशाचीच चीड आली.

"चला वो बायाहो," तानाबाई म्हणाली, "सिनेमा मंग पाहू."

सगळ्या उठून पलीकडे गेल्या. उघड्या दारातून मला सारे दिसत होते, ऐकू येत होते.

"धनीबाई, ऊठ! तुह्या सुट्टीवर आमी सिनेमा पाहून राह्यलो."

"उठली तं उद्या मले फाटकातून आत घेतीन का?"

"नाही घेतलं तं आमी बी बाहेर. ऊठ!"

धनीबाई अंगावरची रुई झटकून उठली, आणि तिच्यामागे इतर जणीही. रेचे रिकामे फिरू लागले. सदाशिवराव धावत गेले आणि ओरडले, "कापूस नाही, तर इंजिन कशाला? बंद करा!"

इंजिन थांबले. माझा दिवा विझला. अंधारात पाहुण्यांनी विचारले, "काय झालं हो?"

"काही नाही. प्रोजेक्टर बिघडला," परत येत सदाशिवराव म्हणाले.

दुसऱ्या सकाळी धनीबाईला फाटक बंद झाले. तेव्हा साऱ्याच बाया बाहेर बसल्या. कापसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. अखेर धनीबाईला आत घ्यावे लागले, आणि त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तिथला रेचा फिरला नाही. त्यांनी आपले मिळवले.

माझे काय झाले? संस्थेने साहेबांच्या शब्दावर विश्वास ठेवला. माझ्या गळ्यात 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी बांधून मला कोठीत टाकले. "अहो, दिवा लागतो, पंखा फिरतो, मग नादुरुस्त काय आहे?" पुंडलिकराव विचारत राहिले. कुणी ऐकले नाही. वर्षे गेली. भिंगावर बुरशी चढली, चाके गंजली. साहेबांचे खोटे आता खरे होत आले आहे, आणि याचाच मला सर्वांत अधिक राग आहे.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. त्यांना तेल द्या, त्यांची धूळ पुसा. पण यंत्र बिघडले असे कुणी सांगितले, तर ते बंद कुणी केले, हेही विचारा. आणि मला दुरुस्त करायला कधी आलात, तर पेचकस नंतर काढा. आधी माझ्या गळ्यातली ती चिठ्ठी फाडा.