तुलनेचा नमुना

तर तिला ऑफिसात सगळे मातीवालीच म्हणायचे, कारण कामच तसलं. बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात जायचं, भोकं पाडायची, माती पिशवीत भरून लॅबला पाठवायची आणि मग सांगायचं, इथं घरं बांधता येतील की आधी साफसफाई करावी लागेल. आणि या वेळी जागा कुठली यावी, तर बॅटरीचा कारखाना. तिच्या बाबांनी तिथंच शिसं वितळवायच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेली.

या कामात एक नमुना लांबच्या, चांगल्या मातीचा घ्यावा लागतो. बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. शेवटच्या दिवशी नेमका तोच राहिला. ठरलेल्या मैदानात पाणी साचलेलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मग हिने डोकं लढवलं आणि गाडी सरळ घराकडे वळवायला सांगितली.

अंगणात बाबा खुर्ची टाकून बसलेले आणि छोटी नेहमीसारखी मातीत बोटं खुपसून बसलेली. छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण. वय चोवीस, समज जेमतेम सहा वर्षांच्या पोरीची. का, तर वर्षाची असताना आईच्या हातून निसटली आणि डोक्यावर पडली. निदान बाबा तसं म्हणायचे, आणि भांडण कशावरूनही असो, गाडी तिथंच येऊन थांबायची. आईने उलट बोलणं कधीच सोडून दिलेलं.

"घे की," बाबा म्हणाले, "आपली माती म्हणजे सोनं. कागदावर लिही, तीर्थरूपांच्या कृपेने."

अकरा दिवसांनी रिपोर्ट आला. कारखान्यात वीस भोकं पाडलेली, त्यातल्या सतरा ठिकाणांपेक्षा अंगणात शिसं जास्त.

"पिशव्या बदलल्यास तू," साहेब म्हणाले. तिलाही तसंच वाटलं, खरंच वाटलं. म्हणून रविवारी कुदळ घेऊन तिने स्वतः खणलं, आणि वीतभर खाली लागला काळपट राखेचा थर. भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"बाबा, ही राख कुठली?"

"भट्टीची. तुला काय आठवणार. इथं घोट्याएवढा चिखल असायचा, आणि छोटी रांगायला लागलेली. राख फुकट मिळायची, मी हातगाडीवरून चौदा खेपा आणल्या. एकट्याने. अख्खी गल्ली म्हणाली, बाप असावा तर असा."

एवढ्या खुशीत सांगत होते ना, की तिने खड्डा तसाच बुजवून टाकला.

सोमवारी तिने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्ट मिटून ठेवला. मग म्हणाले, "तुलनेचा नमुना दुसरीकडून घे. तुमचं अंगण आपल्या नकाशात येतच नाही गं." म्हणजे कारखान्याची माती कंत्राटदार उचलणार, वर चांगली माती पडणार, आणि घरच्या अंगणाला कुणी वाली नाही. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण छोटी रोज त्याच मातीत बसायची, आणि आई रोज तोच ठपका मुकाट गिळायची.

घरी जाऊन तिने बाबांना पायरीवर बसवलं आणि सांगितलं. शिसं लहान पोरांच्या डोक्यात काय करतं, तेही सांगितलं.

"म्हणजे ती पडल्यामुळे..."

"तेवढ्याशा पडण्याने असं होत नाही, बाबा. डॉक्टर तेव्हाही हेच म्हणाले होते. तुम्ही ऐकलं नाहीत."

बाबा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "ऐकलंस का," एवढंच म्हणाले.

आईने सगळं ऐकलेलंच होतं. तिने गॅस बंद केला, त्यांच्या अंगावरून तशीच बाहेर आली, छोटीला हाताला धरून उठवलं आणि नळाखाली नेलं. साबण लावून एकेक बोट घासायला लागली, नखाखालून, पेरापेरातून. छोटी गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होती.

बाबा टॉवेल घेऊन आले. हात पुढे करून उभे राहिले.

आईने बघितलंही नाही. छोटीचे ओले हात तिने आपल्या पोटाशी धरले, कपड्याला पुसले, आणि पुन्हा नळ सोडला.