डाव्या मनगटावरचं ब्रेसलेट

मित्रांनो, मी एक जुनं ब्रेसलेट आहे. मला घडवून तीनच वर्षं झाली, तरी स्वतःला जुनं म्हणवतो म्हणून हसू नका. माझा एक मणी आकाशातून पडलेल्या उल्केचा आहे आणि दुसरा बर्फात गाडल्या गेलेल्या केसाळ हत्तीच्या दाताचा. त्यांच्यापुढे तुमचे पणजोबासुद्धा तान्हं बाळ! तिसरा मणी मात्र उमरेड गावचा. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा असतो ना, त्याचा. नानाजी नावाच्या विणकराने तो धोटा जन्मभर वापरला होता.

प्रताप नगरात अदिती नावाची एक कारागीर हौशी पुरुषांसाठी असले दुर्मीळ नग बनवते. नानाजींचा नातू प्रज्वल तिच्याकडे तो धोटा घेऊन गेला. वडिलांची साठी होती आणि त्याला त्यांच्यासाठी कुणाकडेच नसेल असं काहीतरी हवं होतं. अदितीने धोट्याचा तुकडा कापला, घासला, त्याला तेल पाजलं आणि तिन्ही मणी पोलादी तारेत ओवले. शेवटी चांदीची कडी बसवली. शोभेसाठी तिने कडीचं टोक धोट्यासारखंच निमुळतं ठेवलं. त्या टोकाचा मला फार तोरा होता.

प्रज्वलचे वडील बाबूलाल गांधीबागेच्या बाजारात कापडाचा ठोक व्यापार करत. ते डावखुरे. कापड चिमटीत धरायचं, डोळे मिटायचे आणि सुती की भेसळीचं ते सांगून टाकायचं, ही त्यांची रीत. मी त्याच डाव्या मनगटावर बसून दुकानात मिरवायचो. गिऱ्हाईक कापड सोडून माझ्याकडेच बघायचं. मग बाबूलाल एकेका मण्यावर बोट ठेवून सांगायचे, "हा तारा गा, हा हत्ती, अन् हा माहा बाप." तिसऱ्या मण्यावर बोट जरा जास्त वेळ थांबायचं. मला वाटायचं, आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही.

एका दुपारी कापडाचा ताका उलगडता उलगडता बाबूलाल गादीवरच कलंडले. झटका मेंदूला आला होता. दवाखान्यात माझी कडी उघडून मला प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं आणि पिशवी प्रज्वलच्या हातात दिली. बाबूलाल वाचले. बोलणं थोडं जड झालं, पण समजण्यासारखं होतं. डावा पाय हळूहळू सावरला. डावा हात मात्र झोपला तो झोपलाच.

घरी आल्यावर बाबूलालच्या पत्नी अनुसयाबाईंनी मला पिशवीतून काढलं आणि पुन्हा त्याच मनगटावर चढवलं.

प्रज्वल म्हणाला, "आई, काहून घातलं पुन्हा? डॉक्टर नाही म्हणाले ना!"

"तुह्या आजाचा धोटा हाये त्याच्यात," अनुसयाबाई म्हणाल्या. "लेकाचा हात तोच हलवन. तू मधात बोलू नको."

व्यायाम करून घ्यायला येणारा माणूसही मला काढायला सांगायचा. अनुसयाबाई मान डोलवायच्या, मला सरकवून पूर्ण बाहीच्या सदऱ्याखाली लपवायच्या आणि तो गेला की तेलाची वाटी घेऊन बसायच्या. बोटांना तेल लावायच्या, कोपरापर्यंत चोळायच्या. माझ्यापाशी आल्या की नुसत्या हात जोडायच्या. सासऱ्याला कोण चोळणार?

पूर्वी बाबूलालची नाडी मला सतत ऐकू यायची. ती आताही चालत होती, पण मी तिच्याकडे लक्ष देईनासा झालो. हात उशीवर पालथा पडून असायचा. सकाळ व्हायची, उशी बदलायची, संध्याकाळ व्हायची. कुणी माझ्याकडे बोट दाखवत नव्हतं आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

मग तो हात सुजू लागला. मी होतो तेवढाच राहिलो आणि मनगट मोठं झालं. माझी कडी खालच्या अंगाला होती. तिचं ते देखणं टोक आधी कातडीवर टेकलं, मग कातडीत शिरलं. मित्रांनो, तुमच्या बोटाला काटा लागला तर तुम्ही घर डोक्यावर घेता. बाबूलाल मात्र टीव्हीवर बातम्या बघत होते. मी त्यांना कापत होतो, हे मला कळत होतं आणि त्यांना कळत नव्हतं. मला तोंड नाही. असतं तर मी गांधीबागेपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग दिसला, तेव्हा अनुसयाबाईंना तो तेलाचा वाटला. दुसऱ्या अभ्र्यावरचा डाग लाल होता. त्यांनी बाही वर केली आणि हात उलटा केला.

"प्रज्वल! पकड आण, पकड!"

कडी मांसात रुतल्याने उघडेना. प्रज्वलने पकडीने तार तोडली. तारा एकीकडे गेला, हत्ती पलंगाखाली गेला. अनुसयाबाईंनी कशाकडेच पाहिलं नाही. धोट्याचा मणी त्यांच्याच पायाखाली आला, तरी त्यांनी पाय उचलला नाही. त्या कोमट पाण्याने जखम पुसत होत्या.

"दुखते का हो? सांगा ना, दुखते का?"

बाबूलालनी आपल्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा हात मांडीवर ठेवल्यासारखं त्यांचं ते पाहणं होतं. मग त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

"मले नाही वं," ते जड जिभेने म्हणाले. "तुलेच दुखून राहिलं."

दवाखान्यातून आल्यापासून अनुसयाबाई एकदाही रडल्या नव्हत्या. आता त्या पदर तोंडात घेऊन रडल्या. प्रज्वलने बापाला डॉक्टरकडे नेलं. जखम वेळेवर सापडली, नाहीतर बोटं गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

मी आता एका वाटीत सुटा सुटा पडून आहे. आमच्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी तुमच्याकडे काही ना काही मागतात. कुणी म्हणतं मला पुसा, कुणी म्हणतं मला जपा. मला तसलं काही नको. तुमच्या घरात एखादा हात, एखादा पाय असा झोपला असेल, तर त्याच्यावर प्रेमानेसुद्धा काही बांधून ठेवू नका. त्याला दुखत नाही, म्हणून तो तुम्हाला हाक मारणार नाही. मला वाटीतच राहू द्या. तो हात तेवढा रोज उलटा करून बघा.