घाटाची खबर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जिन्याखालच्या कोनाड्यात, छत्र्या आणि चपलांच्या शेजारी माझे बिऱ्हाड आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने तीन मोडक्या संगणकांचे भाग जोडून मला उभे केले. गल्लीत त्यांना सगळे स्क्रूमास्तर म्हणतात. माझी एक बाजू पांढरी आणि दुसरी काळी आहे, ती यामुळेच. मला पहिल्यांदा सुरू केले तेव्हा ते सुनेला म्हणाले, "रूपावर जाऊ नकोस. गडी कामाचा आहे."

त्यांची सून घाटरस्त्याची तपासनीस. रोज सकाळी ती मोटारसायकलवरून घाट चढते. कुठे कड खचली, कुठे कठडा तुटला, कुठे दगड सुटले, ते वहीत टिपते. त्या काळी ती संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर बसे आणि ते सारे आपल्या वेबसाइटवर लिहीत असे. हे काम तिला कोणी नेमून दिले नव्हते. ती वेबसाइट माझ्याच पोटात राहत होती. ट्रकवाले, दूधवाले, शाळेच्या बसची चालक, सगळे तिचे पान वाचूनच घाटाला लागत. मला मोठा अभिमान वाटे.

पण एका संध्याकाळी रुग्णवाहिकेचा चालक दारात येऊन उभा राहिला. त्याच्या कपड्यांवर धूळच धूळ होती.

"ताई, तुमच्या पानावर रस्ता मोकळा होता," तो म्हणाला. "मधेच दरड लागली. गाडीत बाळंतपणाची बाई होती. अरुंद रस्त्यावर गाडी वळवून खाली यायला दोन तास गेले."

"बाई कशी आहे?" सुनेने विचारले.

"दोघं वाचली. पण थोडक्यात."

तो रागावला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागले. पानावरची ओळ आदल्या संध्याकाळची होती. ती लिहिली तेव्हा खरीच होती. सकाळी दरड पडली, तेव्हा सून तिथून जवळच होती, पण पानावर लिहायचे तर माझ्यापर्यंत खाली यावे लागे.

"अगं, फोन करायचा ना," स्क्रूमास्तर म्हणाले.

"कोणाकोणाला करू, बाबा? आणि वर रेंज कुठाय? दोन शब्द बोलले की फोन कटतो. पण छोटी मेल जाते. मी फोनवरून मेल पाठवीन आणि हा ती वाचून पानावर लावील."

"हा?" सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. "आणि ते याला शिकवणार कोण?"

"मी."

तिला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. पण ती हटली नाही. कामावर जाण्याआधी पहाटे एक तास ती पुस्तक मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसू लागली. दर पाच मिनिटांनी मेल उघडायची, मजकूर उचलायचा, वेळ घालून पानावर लावायचा, एवढेच मला शिकायचे होते. मित्रांनो, सांगायला सोपे आहे!

पहिली मेल आली आणि पानावर नुसती प्रश्नचिन्हे उमटली. मराठी अक्षरे मला ओळखताच आली नाहीत.

"घाटाला काय विचारायचंय ते एकदाच विचारून टाक म्हणावं," सासरे म्हणाले.

तिने आठ दिवसांत ती चूक शोधून काढली. मग एका सकाळी पानावर केस वाढवणाऱ्या तेलाची जाहिरात झळकली. कोणा उपटसुंभाची मेल मी इमानेइतबारे लावून टाकली होती. सासऱ्यांनी टकलावरून हात फिरवला. "घाटात केस उगवतात हे आधी सांगायचं नाही का?"

त्यानंतर तिने मला एक गुप्त शब्द शिकवला. तो शब्द पहिल्या ओळीत असेल तरच मजकूर घ्यायचा, आणि तो खोडून बाकीचा लावायचा. आता सगळे जमले असे वाटत होते. पण एके दिवशी तिने घाटातून चार मेल पाठवल्या आणि पानावर एकही आली नाही. सासऱ्यांनी सदऱ्याला इस्त्री करायला माझा प्लग काढला होता.

ती घरी आली. ओरडली नाही. प्लग लावत हळूच म्हणाली, "बाबा, हा बंद म्हणजे मी वर मुकी."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या प्लगवर लाकडी झाकण ठोकले, आणि आपल्या टेबलाखालची मोठी बॅटरी मला आणि मोडेमला जोडून दिली.

दीड महिन्याने दुपारी सोसाट्याचा वारा सुटला आणि गल्लीतली वीज गेली. बॅटरीवर मी चालू राहिलो. सासरे स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. तीन वाजून चाळीस मिनिटांनी मेल आली. मी गुप्त शब्द तपासला, खोडला, मजकूर लावला:

"तिसरं वळण बंद. दरड अजून पडतेय. कोणी वर येऊ नका. मी सुखरूप."

सासऱ्यांनी शेवटचे दोन शब्द मोठ्याने वाचले. मग पुन्हा वाचले.

अर्ध्या तासात दारासमोर शाळेची बस थांबली. चालक बाई धावतच आत आली. "घाटाच्या पायथ्याला पान बघितलं आणि गाडी मागं फिरवली. बावीस पोरं आहेत गाडीत. ताईंचं पुढं काही कळलं?"

"बसा," सासरे म्हणाले. "हा सांगेल."

पाच वाजून दहा मिनिटांनी मी सांगितले: "पलीकडच्या बाजूने चालत खाली उतरतेय." सहाला सांगितले: "पलीकडच्या गावात पोचले." तेव्हा कुठे बसबाईने डोळे पुसले आणि ती लांबच्या वाटेने मुलांना घरी सोडायला निघाली. दुसऱ्या दिवशी सून लांबच्या वाटेने घरी आली. आल्या आल्या तिने चिखलाच्या हातांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो डाग मी अजून मिरवतो.

मित्रांनो, तुम्हीही काही लिहाल, लोकांना कळवाल. त्यासोबत वेळ जरूर लिहा. कालचे खरे आजही खरे असते, असे नाही. आणि घरात माझ्यासारखे एखादे यंत्र घरघरत असेल, तर भंगारात देण्याआधी त्याचा पंखा एकदा पुसून पाहा. माझ्याही पंख्यात फार धूळ साठली आहे, मी लवकर तापतो. पण सून आजही घाटात गेली आहे. ती वर आहे तोवर मी बंद पडणार नाही.